एक खातं, एका वेळी एकच सर्व्हर : तीन मेल सर्व्हरांमागची सामायिक साठवण

पार्श्वभूमी

ज्या शिक्षणसंस्थेची मेलव्यवस्था आम्ही नव्याने उभी केली, ती मराठवाड्यातली आहे. मुख्य कार्यालय एका जिल्ह्याच्या ठिकाणी. महाविद्यालयं, शाळा आणि वसतिगृहं लातूर, परभणी, हिंगोली या जिल्ह्यांत विखुरलेली. संस्थेची ओळख पटेल असे तपशील इथे गाळले आहेत किंवा थोडे बदलले आहेत. तांत्रिक घडामोडी मात्र जशा घडल्या तशाच दिल्या आहेत.

प्राध्यापक, कार्यालयीन कर्मचारी आणि विभाग मिळून सुमारे २,२०० मेल खाती. विद्यापीठाची परिपत्रकं, परीक्षा अर्जांच्या याद्या, महाडीबीटीवरच्या शिष्यवृत्तीच्या त्रुटी, सेवापुस्तकाची कागदपत्रं हे सगळं मेलवरून फिरतं. काही विभागांत पंधरा वर्षांचा पत्रव्यवहार तसाच जपून ठेवलेला आहे आणि माहितीच्या अधिकारात कुणी काही मागितलं की तोच उघडावा लागतो.

मेल बाहेरच्या कंपनीकडे का दिला नाही, हा प्रश्न सर्वात आधी येतो आणि तो रास्तच आहे. संस्थेने तो पर्याय गंभीरपणे पाहिला होता. नकाराला दोन कारणं होती. एक म्हणजे तो जुना साठा. दुसरं, रस्ता रुंदीकरणात जेसीबीने फायबर तोडला की मुख्य आवाराचं इंटरनेट अर्धा-अर्धा दिवस बंद राहतं. पण आवारातल्या इमारती आणि जवळच्या दोन शाखा संस्थेच्या स्वतःच्या जाळ्यावर आहेत. बाहेरची लाइन बंद असतानाही परीक्षा विभागाचा मेल प्राचार्यांपर्यंत पोचला पाहिजे, हा कार्यकारिणीचा आग्रह होता. हे कारण मला पटलं. ज्या संस्थेला असं स्वतःचं जाळं नाही, तिने मात्र पुढचं सगळं वाचूनही बाहेरची सेवाच घ्यावी, असं मी सांगेन.

अडचण

मूळ रचना साधी होती. सेंटओएस ७ ही लिनक्स कार्यप्रणाली चालवणारा एक सर्व्हर, त्यावर मेल नेण्या-आणण्यासाठी पोस्टफिक्स, खाती उघडून देण्यासाठी डोव्हेकॉट, आणि साठवण मेलडिर पद्धतीची, म्हणजे प्रत्येक मेलची स्वतंत्र फाइल. भार वाढल्यावर शेजारी दुसरा सर्व्हर उभा केला गेला आणि दोन्ही एकसारखे राहावेत म्हणून दर पंधरा मिनिटांनी दोन्ही बाजूंनी आरसिंक हा फाइलींच्या नकला करणारा प्रोग्राम लावला गेला.

तक्रारी तिथून सुरू झाल्या. परीक्षा विभागातल्या एका लिपिकाच्या शब्दांत, "सर, पुसलेले मेल परत परत येऊ लालेत." वाचलेला मेल न वाचलेला दिसायचा, एकच मेल दोनदा दिसायचा. कारण मेलडिरच्या रचनेतच आहे. मेल वाचला की ती खूण फाइलच्या आत लिहिली जात नाही, फाइलचं नाव बदलतं. नावाच्या शेवटी एस हे अक्षर जोडलं जातं. आरसिंकला नवीन नाव म्हणजे नवीन फाइल. जुन्या नावाची फाइल पलीकडच्या सर्व्हरवर असतेच, ती परत इकडे येते. काढून टाकलेल्या मेलचंही तसंच. एखादी फाइल इकडे मुद्दाम काढली आहे की अजून आलेलीच नाही, हे दोन्ही बाजूंनी फिरणाऱ्या आरसिंकला कळायला मार्ग नाही.

दुसरी अडचण परीक्षा अर्जांच्या दिवसांत उभी राहिली. सर्व्हर येणारे मेल "जागा नाही" म्हणून नाकारू लागला, पण डिस्कचा जवळजवळ तिसरा भाग मोकळा दिसत होता. संपल्या होत्या त्या आयनोड, म्हणजे प्रत्येक फाइलीमागे एक लागणाऱ्या नोंदीच्या जागा. ईएक्सटी४ ही फाइलप्रणाली (डिस्कवर फाइली मांडण्याची व्यवस्था) बनवतानाच आयनोडची संख्या ठरून जाते, सर्वसाधारणपणे दर १६ केबीमागे एक. दोन-चार केबींच्या लाखो परिपत्रकांनी जागेआधी आयनोड संपवल्या. एका फाइलप्रणालीतला हा आकडा नंतर वाढवायचा तर ती मोठी करावी लागते, आणि त्या डिस्कमागे तशी जागा नव्हती.

तिसरी गोष्ट कॅलेंडरची होती. सेंटओएस ७ चे सुरक्षा अपडेट ३० जून २०२४ रोजी बंद होणार होते.

संस्थेची मागणी एका ओळीची होती: तीन सर्व्हर घेऊ, त्यांच्यामागे एक सामायिक साठवण ठेवू, म्हणजे कोणताही सर्व्हर कोणत्याही खात्याचं काम करेल. वाक्याचा पहिला अर्धा भाग बरोबर होता. दुसऱ्या अर्ध्यावर आमचा सगळ्यात जास्त वेळ गेला.

तपासलेले पर्याय

दरपत्रकं मागवली तेव्हा एका पुरवठादाराने सर्वात सोपा वाटणारा मार्ग सुचवला. एक साठवण-पेटी घ्यायची, तिच्यातून आयस्कझीने, म्हणजे जाळ्यावरून डिस्क देण्याच्या पद्धतीने, एकच एलयूएन (डिस्कसारखा दिसणारा साठवणीचा भाग) तिन्ही सर्व्हरांना द्यायचा आणि तो तिन्हीकडे माउंट करायचा, म्हणजे वापरासाठी जोडायचा. कागदावर हे छान दिसतं. माउंटची आज्ञा दिली की कसलीही चूक दाखवली जात नाही, आणि पहिल्या सर्व्हरवर लिहिलेली फाइल थोड्या वेळाने दुसऱ्यावर दिसतेसुद्धा. त्यामुळे प्रात्यक्षिक बघणाऱ्याला सगळं चालतंय असंच वाटतं.

हा पर्याय का चालत नाही ते सविस्तर सांगणं गरजेचं आहे, कारण तो आजही जागोजागी सुचवला जातो. ईएक्सटी४ किंवा एक्सएफएस या फाइलप्रणाली डिस्कची मालकी एकाच कर्नलकडे (एकाच यंत्राच्या कार्यप्रणालीच्या गाभ्याकडे) आहे हे गृहीत धरून बनवल्या आहेत. कोणते ब्लॉक मोकळे आहेत, कोणत्या डिरेक्टरीत काय आहे, याची नोंद प्रत्येक कर्नल आपल्या मेमरीत ठेवतो आणि सवडीने डिस्कवर उतरवतो. आवक-जावक वहीच्या तीन झेरॉक्स तीन कारकुनांकडे आहेत, तिघंही पुढचा क्रमांक आपापल्या प्रतीतून देतात आणि संध्याकाळी आपलं पान मूळ वहीत चिकटवतात, तसा हा प्रकार. दोन सर्व्हर एकच मोकळा ब्लॉक दोन वेगळ्या मेलना देतात. चाचणीत आम्ही दोन यंत्रांवरून एकाच एलयूएनवर सतत लहान फाइली लिहीत राहिलो आणि मग दोन्हीकडून अनमाउंट करून एफएससीके हा फाइलप्रणाली तपासणारा प्रोग्राम चालवला. काही फाइलींत दुसऱ्याच फाइलींचा मजकूर निघाला, एक पूर्ण डिरेक्टरी बेवारस फाइली ठेवायच्या "लॉस्ट+फाउंड" कप्प्यात गेली. मेलच्या बाबतीत याचा अर्थ एका प्राध्यापकाच्या खात्यात दुसऱ्याचं पत्र. हा निकाल छापून कार्यकारिणीपुढे ठेवला आणि तो पर्याय तिथेच संपला.

एकच डिस्क खरोखर अनेक सर्व्हरांना द्यायची असेल तर त्यासाठी वेगळ्या फाइलप्रणाली आहेत: ओसीएफएस२ आणि जीएफएस२. दोन्ही २००६ पासून लिनक्स कर्नलच्या मुख्य प्रवाहात आहेत. त्या कुलपांचा व्यवहार जाळ्यावरून करतात, म्हणजे एखाद्या डिरेक्टरीत लिहिण्याआधी सर्व्हर बाकीच्यांची परवानगी घेतो. डेटा सुरक्षित राहतो. पण मेलडिरमध्ये प्रत्येक मेल आधी टीएमपी (tmp) डिरेक्टरीत लिहिला जातो, मग न्यू (new) डिरेक्टरीत जातो, खातं उघडलं की कर (cur) डिरेक्टरीत. आणि तीन सर्व्हर त्याच डिरेक्टऱ्यांत हात घालत असतील तर कुलपं एकाकडून दुसऱ्याकडे फिरण्यातच वेळ जातो. शिवाय एका सर्व्हरची गडबड झाली की त्याला बाहेर काढेपर्यंत सगळे थांबतात. संस्थेत हे सांभाळायला दोनच माणसं आहेत, आणि त्यांच्याकडे परीक्षेच्या प्रयोगशाळाही आहेत. त्यांच्या गळ्यात हे टाकणं योग्य वाटलं नाही.

अनेक सर्व्हरांवर फाइलींच्या प्रती ठेवणाऱ्या ग्लस्टरएफएसची चाचणी थोडक्यात आटोपली. मोठ्या फाइलींना ते बरं आहे. लाखो लहान फाइलींना नाही, कारण प्रत्येक फाइल शोधताना सगळ्या प्रतींना विचारणा होते. हजारो मेल असलेलं खातं उघडायला लागणारा वेळ पाहून आम्ही पुढे गेलो.

डोव्हेकॉटची स्वतःची प्रतिकृतीची सोय मोहात पाडणारी होती: दोन सर्व्हर, दोन स्वतंत्र डिस्क, आणि डोव्हेकॉटच दोन्हीकडचे बदल जुळवणार. मेल पुसला आहे की आलाच नाही, हे त्याला कळतं. पण ही सोय आणि तिच्याच सोबतचा, प्रत्येक खातं ठरावीक सर्व्हरकडे वळवणारा डायरेक्टर हा भाग पुढच्या २.४ आवृत्तीतून काढून टाकणार, हे तोवर जाहीर झालेलं होतं. जानेवारी २०२५ मध्ये २.४ आली तेव्हा दोन्ही त्यात नव्हते. निवडीच्या वेळीच जिचा शेवट ठरलेला आहे, अशा गोष्टीवर पुढची सात-आठ वर्षं उभी करणं कुणालाच मान्य नव्हतं.

उरला एनएफएस, म्हणजे एका यंत्रावरच्या फाइली जाळ्यावरून बाकीच्यांना वापरू देण्याचा मार्ग. जुना, सगळ्यांना माहीत असलेला, १९८४ पासूनचा. मेलडिर तर डॅनियल बर्नस्टाइन यांनी क्यूमेल या मेल सर्व्हर प्रोग्रामसाठी तयार केलं तेच मुळी कुलपांशिवाय, एनएफएसवरही मेल सुरक्षितपणे पोचता व्हावा या विचाराने. मग अडचण काय? अडचण मेलच्या फाइलींत नाही, डोव्हेकॉटच्या इंडेक्स फाइलींत, म्हणजे खात्यातल्या मेलच्या त्याने ठेवलेल्या नोंदींत आहे. लिनक्सचा एनएफएस क्लायंट फाइलीचे गुणधर्म मूळ सेटिंगनुसार ३ ते ६० सेकंद आणि डिरेक्टरीचे ३० ते ६० सेकंद आपल्याकडे धरून ठेवतो. तेवढ्या अवधीत दुसऱ्या सर्व्हरने इंडेक्स बदलली, तर पहिला जुन्या माहितीवर पुढचं लिहितो. एकाच खात्याचा मोबाइल पहिल्या सर्व्हरवर आणि टेबलावरचा संगणक दुसऱ्यावर गेला की हे घडतं. डोव्हेकॉटमध्ये एनएफएसने धरून ठेवलेली ही जुनी माहिती टाकून द्यायला लावणाऱ्या सेटिंग आहेत, पण त्या पूर्ण भरवशाच्या नाहीत, हे डोव्हेकॉटचं दस्तऐवजीकरणच सांगतं. चाचणीत आम्ही एकच खातं दोन सर्व्हरांवरून सतत हलवत ठेवलं आणि इंडेक्स खराब झाल्याच्या नोंदी लॉगमध्ये येत राहिल्या.

निर्णय

इथवर आल्यावर प्रश्नच बदलला. सामायिक डिस्क कोणती घ्यायची यापेक्षा, एका खात्यात एका वेळी कोण लिहिणार हे ठरवणं जास्त महत्त्वाचं होतं. ते एकदा ठरलं की साध्या एनएफएसलाही मेल नीट सांभाळता येतो, आणि ते ठरवलं नाही तर महागडी साठवण-पेटीही वाचवत नाही. म्हणून नियम ठरला: साठवण तिन्ही सर्व्हरांना दिसेल, पण प्रत्येक खातं एका वेळी एकाच सर्व्हरकडे असेल.

रचना अशी झाली. पुढे दोन छोटे डोव्हेकॉट प्रॉक्सी, म्हणजे मध्यस्थ. कुणीही लॉगिन केलं की प्रॉक्सी एका डेटाबेस तक्त्यात पाहतो की हे खातं कोणत्या सर्व्हरचं आहे, आणि तिकडे पाठवतो. नवीन आलेला मेलही पोस्टफिक्स एलएमटीपी या मेल पोचवण्याच्या पद्धतीने याच प्रॉक्सींना देतो, त्यामुळे मेल पोचवणारा आणि वाचून दाखवणारा सर्व्हर एकच राहतो. हे काम डायरेक्टर आपोआप करायचा. आम्ही ते साध्या तक्त्याने केलं, आणि ती सोय २.४ मध्येही आहे.

मागे दोन साठवण सर्व्हर. त्यांच्या डिस्कवर डीआरबीडी, जे २०१० पासून लिनक्स कर्नलमध्ये आहे. त्यावर एक्सएफएस, कारण ते आयनोड लागतील तशा तयार करतं. आणि त्यावर एनएफएस आवृत्ती ४. डीआरबीडी एका सर्व्हरवर लिहिलेला प्रत्येक ब्लॉक दुसऱ्यावरही लिहितं आणि दोन्हीकडे लिहून झाल्यावरच "झालं" म्हणतं. एका वेळी एकच साठवण सर्व्हर मुख्य. तो पडला तर पेसमेकर हा सर्व्हरांवर नजर ठेवणारा प्रोग्राम दुसऱ्याला मुख्य करतो आणि एनएफएसचा आयपी पत्ता तिकडे नेतो.

दुसरा साठवण सर्व्हर दुसऱ्या गावी ठेवावा, अशी सूचना सचिवांनी केली होती. आग लागली, छत गळलं, तर निदान एक तरी वाचावा हा त्यामागचा विचार. विचार योग्य होता, पण जागा चुकीची होती. दोन्हीकडे लिहून झाल्याशिवाय पुढे जायचं नाही असा करार असताना मध्ये भाड्याची लाइन असेल, तर प्रत्येक मेल त्या लाइनच्या वेगाने लिहिला जाणार. आणि लाइन तुटली की प्रत मागे पडणार. म्हणून दोन्ही सर्व्हर एकाच आवारात ठेवले, मध्ये थेट १० गिगाबिटची केबल टाकली, आणि दुसऱ्या गावी रोज रात्री बॅकअप पाठवायचं ठरलं. प्रतिकृती आणि बॅकअप या वेगळ्या गोष्टी आहेत, हे प्रत्येक बैठकीत पुन्हा सांगावं लागलं. कुणी चुकून एक विभाग पुसला, तर डीआरबीडी तो दोन्हीकडून तितक्याच निष्ठेने पुसतं.

आणखी दोन निर्णय नोंदवण्यासारखे आहेत. पहिला, पोस्टफिक्सची रांग, म्हणजे पोचवायचे राहिलेले मेल, सामायिक साठवणीवर ठेवली नाही. प्रत्येक पोस्टफिक्सला स्वतःची रांग लागते, आणि रांगेतल्या फाइलींची नावं आयनोडशी बांधलेली असतात. ती प्रत्येक सर्व्हरच्या स्थानिक डिस्कवरच राहिली. याचा उपयोग पुढे कसा झाला ते येईलच.

दुसरा निर्णय मेलडिर की एमडीबॉक्स हा. एमडीबॉक्समध्ये अनेक मेल एका फाइलीत बसतात, फाइलींची संख्या खूप कमी होते आणि बॅकअप झपाट्याने होतो. पण तिथे वाचलं-न वाचलं, तारांकित अशा खुणा इंडेक्समध्येच असतात. इंडेक्स गेली की खुणा गेल्या. मेलडिरमध्ये त्या फाइलीच्या नावात असतात, इंडेक्स केव्हाही नव्याने बांधता येते. म्हणूनच इंडेक्स प्रत्येक मेल सर्व्हरच्या स्थानिक एसएसडीवर ठेवता आली आणि एनएफएसवरचा निम्मा त्रास मुळातच टळला. मेलचे युआयडी (प्रत्येक मेलची ओळख सांगणारे) क्रमांक सांभाळणारी यादीची फाइल मात्र मेलसोबत सामायिक साठवणीवरच ठेवली. बॅकअपच्या सोयीसाठी मन एमडीबॉक्सकडे ओढत होतं, पण बिघाड झाल्यावर दोन माणसांना हाताने दुरुस्त करता येईल तेच घ्यायचं, यावर आम्ही ठाम राहिलो.

अंमलबजावणी

जुलै-ऑगस्ट प्रवेशाचे महिने. त्या काळात मेलला हात लावायचा नाही, ही प्राचार्यांची अट होती. पण सेंटओएसचे अपडेट तर जूनअखेर बंद होत होते. मधला मार्ग म्हणून डेबियन १२ या लिनक्सवरचे दोन्ही प्रॉक्सी आणि पोस्टफिक्सचं प्रवेशद्वार आधीच जूनमध्ये पुढे उभं केलं. जुने सर्व्हर त्यांच्या मागे गेले आणि बाहेरच्या जगाला थेट दिसेनासे झाले. यामुळे धोका संपला नाही, पण बराच आवळला गेला.

नवीन सर्व्हरांवर किरकोळ वाटणाऱ्या पण नडणाऱ्या गोष्टी निघाल्या. मेलच्या फाइलींचा मालक असलेला वापरकर्ता एका यंत्रावर ५००० क्रमांकाचा आणि दुसऱ्यावर १००१ चा होता. एनएफएसच्या साध्या रचनेत परवानगी नावावर नाही, या क्रमांकावर ठरते. सगळीकडे एकच क्रमांक केला. सगळ्या यंत्रांची घड्याळं क्रोनी या प्रोग्रामने जुळवली, कारण वेळ मागे गेली की डोव्हेकॉट बिथरतो. माउंट हार्ड प्रकारचा ठेवला. सॉफ्ट माउंट साठवण न सापडल्यास चूक परत करून मोकळा होतो, आणि अर्धवट लिहिलेल्या मेलची जबाबदारी मग कुणाचीच राहत नाही. थोडं थांबलेलं परवडतं.

जुना मेल आणताना खरा प्रश्न होता की दोन जुन्या सर्व्हरांपैकी खरा कोणता. आरसिंकच्या गोंधळाने दोन्हीकडे थोडं वेगळं चित्र होतं. एकाला आधार मानलं आणि त्यावरून डोव्हेकॉटच्या डीसिंक या खाती हलवण्याच्या साधनाने खाती नव्या साठवणीवर आणली. दुसऱ्यावर जास्तीचे निघालेले मेल प्रत्येक खात्यात वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवले. दुहेरी मेल आपोआप काढून टाकणारी आज्ञा उपलब्ध होती, पण सरसकट चालवली नाही. ज्यांनी मागितलं त्यांच्याच खात्यावर चालवली. काहींना पसारा नकोसा झाला, पण एखाद्याचं नियुक्तीपत्र दुहेरी समजून गेलं असतं तर ते परत आणणं अवघड होतं.

डीसिंक वापरण्याचं आणखी एक कारण तालुक्याच्या शाखा. तिथे अजून पीओपी३ (मेल संगणकावर उतरवून घेण्याची पद्धत) वापरणारे संगणक आहेत, मेल सर्व्हरवरही ठेवायचा आणि उतरवूनही घ्यायचा अशा सेटिंगचे. मेलचे क्रमांक बदलले असते तर त्या प्रत्येक संगणकाने सगळा जुना मेल नवा समजून पुन्हा उतरवायला घेतला असता आणि तिथल्या बारीक लाइनी दिवसचे दिवस गच्च झाल्या असत्या. डीसिंक ते क्रमांक तसेच राखतो.

पहिली फेरी आधीच करून ठेवली, नंतर फक्त फरक आणत राहिलो. शेवटचा बदल १७ सप्टेंबर २०२४ ला केला. मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन, सकाळी झेंडावंदन झालं की कार्यालय बंद. त्या वर्षी अनंत चतुर्दशीही त्याच दिवशी आली होती. मिरवणुकांच्या गावात दुपारनंतर मेल बघणारं कुणी नव्हतं.

त्याआधी चाचण्या झाल्या होत्या, आणि त्यातली एक फार बोलकी होती. दोन साठवण सर्व्हरांमधल्या सगळ्या केबल काढल्या. दोन्ही जिवंत, पण एकमेकांना दिसत नाहीत. अशा वेळी दोघांनीही स्वतःला मुख्य मानलं तर दोन वेगळे मेलसाठे तयार होतात आणि नंतर ते जोडणं जवळपास अशक्य असतं. यावर उपाय एकच: दुसऱ्याची वीज तोडल्याशिवाय कुणी मुख्य व्हायचं नाही. पेसमेकरला आयपीएमआयमार्फत, म्हणजे सर्व्हर दुरून चालू-बंद करू देणाऱ्या चिपमार्फत, ती ताकद दिलेली होती. चाचणीत एकाने दुसऱ्याला बंद केलं आणि काम पुढे चालू ठेवलं. मुख्य सर्व्हर बदलल्यानंतर एनएफएस ४ आपल्या नियमाप्रमाणे जुन्या कुलपांसाठी थांबतो, मूळ सेटिंगमध्ये ९० सेकंद. वापरणाऱ्याला तेवढा वेळ मेल गोठल्यासारखा वाटतो. आम्ही तो अवधी कमी केला, शून्य केला नाही.

निष्पत्ती

दिवाळीपर्यंत तक्रारींचं स्वरूप पालटलं. पुसलेले मेल परत येणं थांबलं. परीक्षा अर्जांच्या गर्दीत आयनोडचा प्रश्न उद्भवला नाही.

मग २०२५ च्या मे महिन्यात एका संध्याकाळी वळवाचा पाऊस आला, विजा कडाडल्या आणि आवाराची वीज गेली. जनरेटर सुरू होईपर्यंत यूपीएसने सांभाळायचं होतं, पण एका रॅकच्या बॅटऱ्या उन्हाळ्याने खचलेल्या होत्या. मुख्य साठवण सर्व्हर त्याच रॅकमध्ये होता. तो क्षणात बंद पडला. दुसरा सर्व्हर पुढे यायला तयार होता. त्याने नियमाप्रमाणे आधी पहिल्याची वीज तोडायचा प्रयत्न केला, पण आयपीएमआयची चिप त्याच यंत्राच्या विजेवर चालते. यंत्राला वीज नाही म्हणजे चिपलाही नाही. उत्तर आलं नाही. समोरचा खरंच मेला आहे की फक्त बोलत नाही, हे कळल्याशिवाय क्लस्टर (सर्व्हरांची ही जोडी) हलायला तयार नव्हता. मेल गोठला.

त्या क्षणी बरोबर वागणारी यंत्रणा बाहेरून बिघडलेली दिसते. संस्थेतल्या तरुण तंत्रज्ञाने रॅकजवळ चिकटवलेला छापील कागद काढला. त्यात लिहिल्याप्रमाणे तो आधी बंद सर्व्हरपाशी गेला, दिवे पाहिले, दोन्ही पॉवर केबल हाताने काढल्या आणि त्यानंतरच "हा सर्व्हर बंद आहे" अशी खात्री देणारी आज्ञा दिली. दुसरा सर्व्हर लगेच मुख्य झाला. केबल काढण्याची पायरी त्याने गाळली असती आणि मध्येच वीज परत आली असती, तर नेमका तोच धोका उभा राहिला असता ज्यासाठी ही सगळी काळजी घेतली होती. सगळं मिळून पाऊण तास गेला.

त्या पाऊण तासात बाहेरून आलेला मेल हरवला नाही. पोस्टफिक्सच्या रांगा स्थानिक डिस्कवर होत्या आणि ती यंत्रं दुसऱ्या यूपीएसवर. मेल रांगेत थांबला, साठवण परत आल्यावर पोचला. पोस्टफिक्स मूळ सेटिंगमध्ये ५ दिवस वाट पाहतो, त्यामुळे पाऊण तासाचं त्याला काहीच वाटलं नाही.

वेगळं काय करता येईल

पहिलं विजेचं. दोन साठवण सर्व्हर घेताना प्रत्येकाचे दोन वीजपुरवठे दोन वेगळ्या यूपीएसना जोडणं, आणि आयपीएमआयच्या जोडीला जाळ्यावरून सॉकेट बंद करता येणारा पीडीयू (रॅकमधला वीज वाटणारा पट्टा), हे खरेदीच्या यादीत पहिल्याच दिवशी असावं. इथे ते मे महिन्यानंतर बसवलं. मराठवाड्यातल्या उन्हाळ्यात बॅटऱ्या लवकर थकतात; पावसाआधी एकदा पूर्ण भारावर त्या तपासणं आता वेळापत्रकात आहे.

दुसरं, दोन साठवण सर्व्हरांच्या वादात तिसरं मत असावं. आता एका मेल सर्व्हरलाच तिसरा मतदार केला आहे. डेटा त्याच्याकडे नाही, फक्त मत आहे. डीआरबीडी ९ मध्ये डिस्क नसलेला साक्षीदार ठेवण्याची सोय आहे. यामुळे वीज तोडण्याची गरज संपत नाही, पण एकटा पडलेला सर्व्हर स्वतःहून लिहिणं थांबवतो.

तिसऱ्या मुद्द्यावर संस्थेत अजून एकमत नाही. मेल सर्व्हर पडला तर त्याची खाती दुसऱ्याकडे वळवण्यासाठी तक्त्यातला रकाना बदलावा लागतो, आणि हे काम सध्या माणूस करतो: आधी पडलेला सर्व्हर बंद असल्याची खात्री, मग बदल. रात्री दोनला फोन वाजतो तेव्हा हे जाचक वाटतं, आणि तंत्रज्ञांची मागणी आहे की स्क्रिप्टनेच करावं. सर्व्हर पडला आहे की नुसता मंदावला आहे यातला फरक स्क्रिप्टला कळत नसेल, तर एक खातं दोन सर्व्हरांवर उघडेल. स्क्रिप्ट हवीच असेल तर तिने आधी त्या सर्व्हरचा एनएफएस प्रवेश साठवणीच्या बाजूने बंद करावा आणि मगच तक्ता बदलावा, असं मी सुचवलं आहे. त्याची चाचणी चालू आहे.

चौथं बॅकअपचं, आणि माझ्या मते सर्वात तातडीचं. रात्रीचा बॅकअप दुसऱ्या गावी नीट जातो. पण मेलडिरच्या लाखो लहान फाइली परत आणायला किती वेळ लागतो, हे पूर्ण साठ्यावर अजून मोजलेलं नाही; एकेका खात्याची पुनःस्थापना तेवढी करून पाहिली आहे. कार्यकारिणीकडे मागणी ठेवली आहे की येत्या दिवाळीच्या सुटीत रिकाम्या यंत्रावर सगळा साठा उतरवून पाहायचा. त्याच सुटीत डेबियन १३ चीही तालीम घ्यायची आहे. त्यात डोव्हेकॉट २.४ आहे, त्याच्या कॉन्फिगरेशनची मांडणी बरीच बदलली आहे, मेलचं ठिकाण सांगणारी एक ओळ आता अनेक ओळींत विभागली आहे, त्यामुळे जुनी फाइल तशीच उचलून चालणार नाही. क्रम ठरला आहे: आधी पुनःस्थापनेची चाचणी, ती यशस्वी झाली तर प्रॉक्सी, मग मेल सर्व्हर एकेक करून, आणि साठवण सर्व्हर सर्वात शेवटी.